पहिलं पान समोरच्याला

पान २

पहिलं पान शेवटी येईल. सेक्शन एफमध्ये बसणारी आम्ही माणसं पेपर आतूनच बघतो.

रीत अशी आहे. लॅथम कॉलेजच्या जिममध्ये बास्केटबॉलचा सामना असला की आधी पाहुण्या संघातल्या पहिल्या पाच जणांची नावं पुकारतात. नाव पुकारलं की तो पोरगा बाकावरून उठतो आणि दिव्यांखाली धावत येतो. नेमकं तेव्हाच सेक्शन एफ उभा राहतो आणि पेपर उघडून तोंडासमोर धरतो. तू कोण, कुठला, आम्हाला काही पडलेली नाही. आम्ही आपले गावच्या बातम्या वाचतोय. एका नावाला एक पान, सगळ्यांनी एकदम उलटायचं. वाळलेल्या मक्यातून वारा जावा तसा आवाज होतो. पाचवं नाव झालं की पेपर खाली. मग आमची पोरं येतात, आणि मग बघायला नको.

पेपर आणायचं काम मर्ल हॉस्टेटलरचं. मर्ल गावच्या हायस्कुलात सुतारकाम शिकवायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणतात. ग्लेन ऑट तर जास्तच म्हणतो, कारण मास्तरांच्या वर्गात ग्लेनच्या अंगठ्याचं टोक करवतीखाली गेलं आणि ग्लेन ते कुणाला विसरू देत नाही. सामन्याच्या दिवशी 'क्लॅरियन'च्या कचेरीतून न खपलेले अंक आणायचे, रांगेच्या टोकाला उभं राहून हातोहात पुढे द्यायचे, सामना संपला की बाकांखालून गोळा करायचे. हे काम मर्लने दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. ग्लेन एकदा मदतीला गेला तर मर्ल म्हणाला, आधी हाताची बोटं मोजून ये.

मी लॉइस फिस्टर. मी मर्लच्या डाव्या हाताला बसते. शाळेच्या स्वयंपाकघरात माझी नोकरी झाली, त्यामुळे गावातल्या निम्म्या माणसांना काय खायला आवडत नाही ते मला ठाऊक आहे. बाकी माझी काही पात्रता नाही.

जुलैमध्ये 'क्लॅरियन' छापायचा बंद झाला. आता तो फोनवर येतो.


पान ३

ऑक्टोबरात आमच्याकडे दोन कामं असतात. एक मका काढणं, दुसरं नव्या संघावरून भांडणं. भांडण 'स्किलेट'मध्ये होतं, सकाळच्या कॉफीला, खिडकीजवळच्या टेबलावर. मका काढून झाला तरी हे चालूच राहतं.

यंदा भांडायला मुबलक होतं. पूर्वी पोरगा एकदा लॅथमला आला की चार वर्षं आमचा. आता ते पोर्टल निघालंय. वसंतात त्यात नाव घालायचं, उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात जायचं, हिवाळ्यात तिथली जर्सी. ग्लेनने जन्मभर डुकरं पाळली. त्याचं म्हणणं, पोर्टल म्हणजे आवाराचं फाटक आहे. एकाने नाकाने ढकलून उघडलं की बाकीच्यांना शिकवावं लागत नाही.

तर आमच्या पाचातले चार नवे. सर्बियाहून आलेला सेंटर नेमान्या. सरावाच्या पहिल्या दिवशी तो जिमच्या दारातून वाकून आत आला, आणि ग्लेनने तिथल्या तिथे त्याचं नाव 'मनोरा' ठेवलं. ॲरिझोनाचा एक गार्ड, ज्याच्याबद्दल मर्ल म्हणाला, हात चांगले आहेत, ऐकतो का ते बघू. आणखी दोघे, ज्यांची नावं आम्ही रोज नव्याने चुकवत होतो. जुना उरलेला एकटा केलब याडर, दूधवाल्या याडरांचा. मनोऱ्याला पहिल्या पाचात घ्यायचा की नाही ह्यावर एक अख्खा आठवडा गेला. ग्लेन म्हणे, उंची आहे. मर्ल म्हणे, उंची खांबालाही असते, पण खांब परत धावत येत नाही.

मग गाडी हार्मनवर यायची, आणि थांबायची.

हार्मन कॉलेज नदीपलीकडे आहे. आमच्या वर्षात हार्मनच्या सामन्याआधीचे दिवस आणि नंतरचे दिवस असे दोनच ऋतू. यंदा तो सामना आमच्या जिममध्ये होता, मोसमाच्या तोंडालाच, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी दुपारी. आणि हार्मनच्या नव्या माणसांत टॅनर हॉस्टेटलर होता.

टॅनर म्हणजे मर्लचा नातू. त्याचे वडील सैन्यात, आज इथे उद्या तिथे. म्हणून हायस्कूलची सगळी वर्षं पोरगा मर्ल आणि त्याची बायको आयलीन यांच्याकडे राहिला. गॅरेजच्या भिंतीवर मर्लने रिंग ठोकून दिली होती. हिवाळ्यात दोघं फावड्याने बर्फ बाजूला करून तिच्याखाली खेळायचे. म्हणजे टॅनर खेळायचा, आणि मर्ल चुका सांगायचा. लॅथम कॉलेजने त्याला घेतलं तेव्हा गावाला वाटलं, आपल्या घरातलंच कुणीतरी तिथे पोचलं. मग दोन मोसम तो बाकावर बसला. नवीन कोचने बाहेरून माणसं आणली आणि टॅनरला सरळ सांगितलं की पुढेही बाकच आहे. हार्मनच्या कोचने सांगितलं, आमच्याकडे ये, खेळशील.

मे महिन्यात एका संध्याकाळी टॅनरने हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. आयलीनने नंतर मला जे सांगितलं ते असं: मर्ल बराच वेळ ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला. मग काटा खाली ठेवून तो म्हणाला,

उरलेलं पान ५ वर


पान ४

हवामान. ऑक्टोबर कोरडा. सकाळी धुकं, नदीवर जास्त. पलीकडचं दिसत नाही.

हवे आहेत. जुने पेपर, मोठ्या आकाराचे, न फाटलेले, उंदरांनी न कुरतडलेले. मर्ल हॉस्टेटलर, गॅरेजच्या दाराशी ठेवावेत. ही चिठ्ठी मर्लने चर्चच्या फळ्यावर लावली होती. आठवडाभरात दाराशी शिवणकामाची मासिकं आली, बियाण्यांचे कॅटलॉग आले, आणि कुणीतरी एक मांजर सोडून गेलं.

कॉलेजच्या खेळ विभागाने कळवलं की त्रास घेऊ नका, बँकेतर्फे आम्ही पुठ्ठे छापून देतो. पुठ्ठ्यावर एका बाजूला बँकेचं नाव. मर्लने उत्तर दिलं की जाहिरात धरून उभं राहायला मी विजेचा खांब नाही. विद्यार्थ्यांनी सुचवलं, फोन धरा. पेपर आता त्यातच असतो. ह्यावर ग्लेनने आपला फोन तोंडासमोर धरून दाखवला. नाकसुद्धा झाकलं नाही.


पान ५
पान ३ वरून

"मग आता तू पाहुणा."

एवढंच म्हणाला. आमच्या जिममधल्या गुणफलकावर एका बाजूला लॅथम आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे असं लिहिलेलं आहे. मर्लने ते तिथूनच उचललं, त्याला तेवढंच म्हणायचं होतं असं तो नंतर म्हणाला. पण शब्द जिममधून स्वयंपाकघरात आला की त्याचं वजन बदलतं. टॅनरने ताट उचलून धुतलं. पूर्वी तो कधी धूत नसे. दुसऱ्या दिवशी गेला, तो मग आलाच नाही. फोन करायचा, पण मर्ल 'स्किलेट'मध्ये असेल अशा वेळी, आयलीनला. तिने मर्लला ते सांगितलं नाही. मर्लला कळायचं, कारण ज्या दिवशी फोन येई त्या दिवशी ती भांडी घासताना गुणगुणायची.

असा उन्हाळा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी, मनोऱ्याचं भांडण मिटल्यावर, ग्लेनने शेवटी ते टेबलावर आणलंच.

"मास्तर, पोरगा पाचात असेल का बाकावर?"

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. ह्या प्रश्नात काय होतं ते आम्हाला कळत होतं. नावं फक्त पाचांची पुकारतात. टॅनर बाकावर राहिला तर त्याचं नाव येणार नाही, आणि मर्लला त्याच्यासमोर पेपर धरावा लागणार नाही. पाचात आला, तर लागेल. आणि मर्ल पेपर धरणार नाही असं कुणाच्या मनातही आलं नाही. पेपर तोच तर वाटतो.

मर्लने साखर ढवळली. तो साखर घेत नाही.

"बाकावर असेल," तो म्हणाला. "नवीन आहे."

ग्लेन म्हणाला, बरोबर, डावा हात कच्चाच आहे त्याचा.

"कच्चा कुठे आहे?" मर्ल म्हणाला. "थोडा बिचकतो एवढंच. बचाव बघितलास का त्याचा? नदीपलीकडे तसा पाय हलवणारा एक माणूस दाखव मला. त्याला जर बाकावर बसवला, तर तो कोच गाढव आहे."

मग त्याने कप तोंडाला लावला. आपण कोणाच्या बाजूने भांडलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. थोड्या वेळाने त्याने, कुणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं: "पाचात असला तरी रीत ती रीत. नाव बघून पेपर धरायचा असेल तर मग धरूच नये."

पैजा लागतील असं मला वाटलं होतं. कुणी लावली नाही.


पान ६

चूक-दुरुस्ती. वर मी लिहिलं आहे की मर्ल पेपर धरणार नाही असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी आयलीनबरोबर चर्चच्या स्वयंपाकघरात नूडल्स लाटत होते. तिचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती बसून लाटते. मी म्हटलं, शनिवारी मर्लला सर्दी होऊ दे. एखाद्या माणसाला सर्दी व्हायला हरकत नसते.

"त्याला सर्दी झाली तरी तो रुमालाऐवजी पेपर नेईल," ती म्हणाली. मग पिठाचे हात झटकत म्हणाली, "मी पलीकडे बसणार आहे, लॉइस."

टॅनरने हार्मनच्या बाकामागची दोन तिकिटं आजीआजोबांसाठी काढून ठेवली होती. खेळाडूंच्या घरच्यांना ती मिळतात. आयलीनने ती फ्रिजच्या दारावर लावली, कोपऱ्यात नाही, मधोमध. मर्ल रोज दूध काढायला ते दार उघडत होता आणि बंद करत होता.

मी विचारलं, मग मर्ल काय म्हणाला. तर ती म्हणाली, म्हणाला की दूध संपलं.


पान ७

पेपर मात्र मिळाले.

सामन्याच्या दिवशी सकाळी, आयलीन चर्चला नूडल्स पोचवायला गेली असताना, मर्ल गॅरेजच्या माळ्यावर चढला. तिथे दोन गठ्ठे होते. एक ह्या उन्हाळ्यात वर टाकलेला, त्याची उंदरांनी जाळी केली होती. दुसरा कोरडा, स्वच्छ, सुतळीने घट्ट बांधलेला, आणि सेक्शनला पुरेल एवढा. वर मागचं पान होतं, ट्रॅक्टरच्या दुकानाची अख्खी जाहिरात. मर्लने सुतळी न सोडता गठ्ठा खांद्यावर मारला.

आमच्याकडे फोटो जपायचा असेल तर पेपर पालथा बांधतात, म्हणजे उजेडाने पिवळा पडत नाही. हे मर्लला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात पेपरांची संख्या होती, पानं नव्हती.


पान ८

जिम भरली तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. पॉपकॉर्न, ओले कोट, लाकडी फरशीला लावलेलं नवं पॉलिश. मोसमाचा पहिला वास.

रांगेच्या टोकाला उभं राहून मर्लने सुतळी सोडली आणि अंक पुढे द्यायला सुरुवात केली, जाहिरातीची बाजू वर, जसे निघतील तसे. हात बदलत बदलत ते वरच्या ओळीपर्यंत गेले. कोणी बघितलं नाही. पेपर हातात आला की आम्ही तो मांडीवर ठेवून नव्या पोरांकडे बघतो. मनोरा सरावात वरून चेंडू टाकत होता आणि मागचे विद्यार्थी दर वेळी ओरडत होते. ग्लेन म्हणाला, परत धावत पण येतोय, मास्तर. मर्लने ऐकलं नाही. तो समोर बघत होता.

समोर हार्मनच्या बाकामागे आयलीन बसली होती, निळ्या कोटात, तिची चर्चची पर्स मांडीवर. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. जिम इतकी गच्च होती की लोक पायऱ्यांवर बसले होते, पण त्या खुर्चीवर तिने आपली लोकरी टोपी ठेवली होती आणि कुणी विचारलं की मान हलवत होती. खाली टॅनर पायांच्या शिरा ताणत होता. उन्हाळ्यात रुंद झाला होता. त्याने आमच्या बाजूला एकदाही बघितलं नाही, आणि ते किती अवघड असतं ते ती जिम माहीत असलेल्यालाच कळेल; चेंडू आपल्या रिंगकडे टाकायला वर बघितलं की थेट सेक्शन एफच दिसतो.

मग निवेदक बोलायला लागला.

आम्ही उभे राहिलो. पेपर उघडले. मर्लनेही उघडला, दोन्ही हात ताणून, नेहमीसारखा सगळ्यांपेक्षा थोडा वर.

हार्मनचा पहिला. पान उलटलं.

माझ्या पानावर शाळेच्या जेवणाचा आठवडा छापलेला होता. मंगळवारी खिम्याचा पाव, बुधवारी वाटाणे. मी म्हटलं, हा तर मीच लिहून दिलेला. म्हणजे मी नोकरी सोडायच्या आधीचा, अंक निदान तीन वर्षांपूर्वीचा.

दुसरा. पान उलटलं. मरणाच्या बातम्या; त्यातले दोघं पूर्वी आमच्याच रांगेत बसायचे. तिसरा. जत्रेत ग्लेनच्या डुकरिणीला दुसरं बक्षीस, फोटोत ग्लेन डुकरिणीपेक्षा नाराज. चौथा.

आता एकच नाव उरलं होतं. मला मर्लचा श्वास ऐकू येत होता. मी देवाकडे मागितलं की पाचवा दुसरा कुणी असू दे, आणि लगेच वाटलं, नको, असं कसं मागायचं. दोन मोसम बाकावर बसलाय पोरगा. काय मागावं ते ठरायच्या आत निवेदकाने नाव घेतलं. तो नावाबरोबर गाव सांगतो. कायदाच आहे तसा.

"गार्ड. लॅथम, इंडियानाचा. टॅनर हॉस्टेटलर."

लॅथमच्या जिममध्ये पाहुण्यांच्या बाजूने लॅथमचं नाव आजवर पुकारलं गेलं नसेल. क्षणभर काहीच झालं नाही. मग माझ्या उजव्या हाताला एक पान उलटल्याचा आवाज आला. एकच. तो मर्लचा होता. त्याच्यामागून आम्ही सगळ्यांनी उलटलं.

तेव्हा मी रीत मोडली. पेपराच्या वरून बघितलं.

टॅनर मधल्या वर्तुळापर्यंत धावत आला होता, आणि तिथे थांबला होता. त्याचा संघ टाळ्या द्यायला हात पुढे करून उभा, आणि ह्याचं लक्षच नाही. तो आमच्याकडे बघत होता. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, खालून वर, सगळा सेक्शन, जसं कुणी नावं वाचत जावं. त्याच्यामागे आयलीन उभी राहिली होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मला वाटलं, रडवलं आपण दोघांना. मग टॅनर हसला. लहानपणी मर्लने रिंगखाली चूक सांगितली की हसायचा तसा, खाली बघत. त्याने मूठ छातीवर दोनदा टेकवली, आणि आमच्याकडे बोट केलं.

मर्लला ह्यातलं काही दिसलं नाही. तो पेपर वाचत होता.


पान १

पेपर उघडून धरला की आत कितीही पानं उलटा, समोरच्याला पहिलं पानच दिसत राहतं. इतकी वर्षं आम्ही पेपर धरतोय, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आली नव्हती. आम्ही आतल्या बाजूला.

पहिल्या पानावर, घडीच्या वर, घडीच्या खाली, पानभर एकच फोटो होता. हॉस्टेटलरांचं स्वयंपाकघर. टेबलाशी टॅनर, डोक्यावर लॅथमची टोपी, हातात पेन, समोर कॉलेजचा कागद. त्याच्या मागे मर्ल, एक हात पोराच्या खांद्यावर. मर्लचे डोळे मिटलेले आलेत, कारण फोटोग्राफरने बटण दाबलं तेव्हाच त्याला शिंक येत होती. पण ते आम्हाला माहीत आहे. बघणाऱ्याला वाटतं, डोळे मिटून हा माणूस काहीतरी मागतोय. वर मोठ्या अक्षरांत: आपलाच.

असे अंक आयलीनने त्या दिवशी गठ्ठ्याने घेतले होते, सैन्यातल्या मुलाला, बहिणींना, सगळ्यांना पाठवायला. पाठवून उरले ते बांधले.

हे सगळं आधी ग्लेनला दिसलं. पाचवं नाव झाल्यावर बसताना तो पेपराची घडी घालत होता, आणि पहिलं पान वर आलं. ग्लेन ऑट गप्प झालेला मी तोवर बघितला नव्हता. बायकोच्या दफनालाही तो पाद्र्याची चूक काढत होता. त्याने अंक मर्लच्या मांडीवर ठेवला. मर्लने बघितला. आपला बघितला. माझा बघितला. मागे वळून वरच्या ओळींकडे बघितलं. तोवर आमची पोरं दिव्यांखाली येत होती, सगळी जिम उभी राहून ओरडत होती, आणि मर्ल हॉस्टेटलर बसून होता.

सामना आम्ही हरलो. फार नाही. मनोरा चांगला खेळला आणि आता त्याला ग्लेन नेमान्या म्हणतो. टॅनरने शेवटच्या मिनिटात केलब याडरच्या हातातून चेंडू काढला, उजवा पाय आधी हलवून, अगदी गॅरेजसमोर शिकवल्यासारखा. मर्लच्या तोंडून 'शाब्बास' निघालं. पुढच्या ओळीतल्या बाईने वळून बघितलं. मर्ल म्हणाला, पाय बघा म्हटलं मी त्याचा. बचावाचा नियमच आहे तो.

लोक उतरायला लागले. मर्ल नेहमीप्रमाणे बाकांखाली वाकून पेपर गोळा करत होता, तेव्हा आयलीन मैदान ओलांडून आली. तिच्याबरोबर टॅनर, गळ्यात टॉवेल, हार्मनच्या जर्सीवर जाकीट.

"आजोबा," तो म्हणाला.

"डाव्या हाताला अजून बिचकतोस," मर्ल म्हणाला.

"हो." टॅनरने बाकावरचा एक अंक उचलला. "सगळ्या सेक्शनला हाच. मी तिथे पडतोच आता असं वाटलं मला."

गप्प राहिला असता तर भागलं असतं. ग्लेन मर्लच्या मागून माझ्याकडे बघून मान हलवत होता, की नको, मास्तर, नको. पण मर्लने जन्मभर पोरांना सांगितलं होतं की लाकूड अर्ध्या इंचाने चुकलं तर चुकलं म्हणावं, वर रंग लावू नये.

"ते मुद्दाम नव्हतं, टॅनर. गठ्ठ्यात काय आहे ते मी बघितलंच नाही. मी रीतीने धरला पेपर. तुझ्या नावालाही धरला. पान पण उलटलं."

"कळलं मला. तुमचाच सगळ्यात वर होता."

टॅनरने अंकाची घडी सरळ केली.

"गठ्ठा कुठे होता?"

"गॅरेजच्या माळ्यावर."

"आजी चढते माळ्यावर?"

आयलीनने वरच्या दिव्यांकडे बघितलं.

"दर वसंतात माळा साफ करून मागे जाळता तुम्ही सगळं," टॅनर म्हणाला. "मीच धरायचो शिडी. ह्या वसंतातही जाळलं असेल. मे महिन्यात. मी गेल्यावर."

"जाळलं," मर्ल म्हणाला.

"मग हा का ठेवलात?"

मर्लने हातातले पेपर एका बाजूला ठोकून सारखे केले, कडेला कड. खूप वेळ केले.

"सुतळी चांगली होती," तो म्हणाला.

टॅनर हसायला लागला, आणि हसता हसता टॉवेल तोंडावर घेतला, आणि तो तिथेच ठेवला. मर्लने हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. फोटोत आहे त्याच खांद्यावर. मी पडताळून बघितलं, अंक माझ्या हातात होता.

आयलीन म्हणाली की चर्चमधून उरलेल्या नूडल्स परत आणल्यात, बटाटे गरम व्हायला वेळ लागणार नाही, आणि पर्सिमन फळाचं पुडिंग आहे. टॅनर म्हणाला, बस सुटेल, कोचला विचारावं लागेल, आणि परत कसं जायचं. मर्ल म्हणाला, मी सोडतो.

"पूल ओलांडून, मास्तर?" ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "हार्मनला?"

"पूल काय हार्मनचा आहे? जिल्ह्याचा आहे."

टॅनर कोचला विचारायला धावत गेला. आयलीनने मर्लच्या हातातला गठ्ठा काढून माझ्याकडे दिला आणि त्याच्या कोटाची बटणं लावली, जी त्याला स्वतःला लावता येतात.

"पाहुणा म्हणाला होतास ना त्याला," ती म्हणाली. "मग आज आधी त्याला वाढायचं. कडेचं खरपूस पुडिंग त्याचं. तुझं नाही."

मर्ल म्हणाला, बरं.

ते तिघं गेल्यावर मी आणि ग्लेनने उरलेले बाक बघितले. खाली पडलेला एकही पेपर नव्हता. लोकांनी जाताना आपापले अंक घडी घालून पायरीवर ठेवले होते, पहिलं पान आत करून. मी सुतळी बांधली. गठ्ठा थोडा हलका वाटला. मी ग्लेनला म्हटलं, तुझा दे.

"माझा वाचून व्हायचाय," ग्लेन म्हणाला, आणि कोटाच्या आत ठेवला.